यंत्रातली नऊ हजार माणसे

संचालकांच्या बंगल्यावर मेजवानी रंगली आहे. पोहण्याच्या तलावाभोवती पाहुणे पेले हातात घेऊन उभे आहेत. फ्रेड श्टिलर हा शास्त्रज्ञ आणि संस्थेचा सुरक्षा अधिकारी ग्युंथर लाउझे एका बाजूला बसून बोलताहेत. संस्थेचे वरिष्ठ प्राध्यापक नुकतेच संशयास्पद रीतीने वारले आहेत आणि जाण्यापूर्वी लाउझेच्या कानावर काहीतरी घालून गेले आहेत. तेच तो आता सांगणार, इतक्यात श्टिलरची नजर क्षणभर दुसरीकडे वळते. परत पाहतो तर खुर्ची रिकामी. माणूस नाहीसा होणे हे रहस्यकथांना काही नवे नाही. खरा धक्का पुढे बसतो. लाउझे नावाचा कोणी माणूस संस्थेत होता, हेच हळूहळू कोणाला आठवेनासे होते. ज्याला आठवते असा एकटा श्टिलर उरतो, आणि लोक त्याच्याकडे काळजीने पाहू लागतात.

पश्चिम जर्मनीतल्या लोकांनी हे १४ ऑक्टोबर १९७३च्या रविवारी रात्री घरबसल्या पाहिले. त्याच आठवड्यात कोजागिरी होऊन गेली होती, पश्चिम आशियात युद्ध पेटलेले होते, आणि आपल्याकडे मुंबई दूरदर्शनला नुकते एक वर्ष पूर्ण झाले होते. कोलोनच्या 'डब्ल्यूडीआर' या प्रसारण संस्थेने ही दोन भागांची टीव्ही-फिल्म करवून घेतली होती. नाव 'वेल्ट आम ड्राट', म्हणजे तारेवरचे जग. दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर, वय २८. दुसरा भाग मंगळवारी, १६ तारखेला दाखवला गेला. दोन्ही मिळून लांबी सुमारे तीन तास पंचवीस मिनिटे.

'द मेट्रिक्स' आला १९९९ साली. त्याच्या २६ वर्षे आधी, घरात संगणक नाही, इंटरनेट हा शब्द नाही, अशा काळात एका माणसाने साध्या टीव्हीवर दाखवले की आपण ज्याला जग म्हणतो ते कोणाच्या तरी यंत्रात चाललेला हिशेब असू शकते. हे त्या वेळी सुचले तरी कसे? मी या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा वाटले होते, धागा तत्त्वज्ञानाकडे जाईल. तो गेला बाजारपेठेच्या पाहणीकडे.

फिल्म ज्या कादंबरीवर बेतली आहे ती १९६४ची, 'सिम्युलॅक्रॉन-३'. लेखक डॅनियल गलूय, न्यू ऑर्लीन्सचा पत्रकार, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा वैमानिक. त्याच्या कादंबरीतल्या समाजाला लोकांची मते विचारणाऱ्यांनी भंडावून सोडले आहे. रस्त्यात, दारात, कुठेही कोणी येऊन विचारते, अमुक वस्तू आवडली का, तमुक पुढारी कसा वाटतो. या पाहणीवाल्यांवर तोडगा म्हणून एक कंपनी यंत्रात अख्खे शहर वसवते. त्यातली माणसे विजेच्या स्पंदनांची, पण त्यांना सवयी आहेत, आवडीनिवडी आहेत, शेजारीपाजारी आहेत. त्यांच्या शहरात नवा साबण आणायचा, ते काय करतात ते बघायचे आणि मग खऱ्या बाजारात उतरायचे. खऱ्या माणसाला काही विचारायची गरजच नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेत १९५९ साली 'सिम्युलमॅटिक्स' नावाची कंपनी निघाली होती. तिने जुन्या जनमत चाचण्यांचे गठ्ठे गोळा केले, मतदारांचे ४८० प्रकार पाडले, आणि १९६०च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत केनेडींच्या बाजूसाठी संगणकाला विचारले की आपण अमुक मुद्दा उचलला तर यातला कोणता प्रकार कुठे वळेल. त्या ४८० प्रकारांना तोंड नव्हते, नाव नव्हते. ते फक्त तक्ते होते. गलूयने ते तक्ते पाहिले होते की नाही, याने फारसा फरक पडत नाही. हवा तीच होती. त्याने पुढचा एकच प्रश्न विचारला: तक्ता पुरेसा बारीक करत गेलो, माणसाचा राग, भूक, आठवणी, सगळे त्यात घातले, तर तो तक्ता कोणत्या क्षणी जागा होईल?

फिल्म निघाली तोवर हवा आणखी तापली होती. १९७२ साली 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा अहवाल आला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काही तरुण संशोधकांनी संगणकावर अख्ख्या पृथ्वीचे प्रारूप बांधले होते. लोकसंख्या, धान्य, कारखाने, प्रदूषण, खनिजे अशा पाच गोष्टी एकमेकींत गुंतवून त्यांनी यंत्राला सन २१००पर्यंत पळवले. प्रारूपाचे नाव होते 'वर्ल्ड-३'. हा अहवाल ज्या 'क्लब ऑफ रोम'ने करवून घेतला, त्याला जर्मन ग्रंथव्यवसायाचे शांतता पारितोषिक मिळाले ते १९७३ साली, म्हणजे फिल्म दाखवली गेली त्याच वर्षी. तेव्हा यंत्रात जग ठेवून त्याला भविष्य विचारणे ही त्या प्रेक्षकांना वेडगळ कल्पना वाटली नसणार. त्यांनी ती वर्तमानपत्रांत वाचलेली होती.

फासबिंडरच्या फिल्ममधली संस्था सरकारी पैशावर चालते. तिच्या यंत्रात नऊ हजारांवर 'ओळख-घटक' राहतात. घटक हा तिथल्या कारकुनांचा शब्द. आपण त्यांना माणसेच म्हणू, कारण पडद्यावर ती माणसेच दिसतात. खातात, पितात, भांडतात, गाड्या चालवतात. वीस वर्षांनी समाज कसा असेल, घरे किती लागतील, हे आधी कळावे आणि त्याप्रमाणे लोकांसाठी काम व्हावे, असा या यंत्राचा सांगितलेला उद्देश आहे. संचालक झिस्किन्स मात्र एका पोलाद कंपनीशी संधान बांधून आहे. वीस वर्षांनी पोलाद किती लागेल, हे त्याला हवे आहे. जनतेच्या पैशाने वसवलेल्या जगाकडून एका कंपनीला फुकट भविष्य. या भानगडीला फिल्ममध्ये भरपूर जागा आहे आणि मला ती जागा योग्य वाटते. कृत्रिम जगाच्या बहुतेक गोष्टी 'हे खरे की खोटे' यावर थांबतात. हे जग कोणी वसवले आणि कशासाठी, हा प्रश्न फासबिंडर सोडत नाही.

यंत्रात उतरायची सोय आहे. डोक्यावर तारा जोडलेले शिरस्त्राण चढवायचे आणि आडवे व्हायचे. डोळे उघडतात ते खालच्या शहरात. तिथे आइनस्टाइन नावाचा एक घटक आहे. नऊ हजारांत हा एकटाच असा, की ज्याला आपण यंत्रात आहोत हे मुद्दाम सांगून ठेवले आहे. वरच्यांना खालची खबर द्यायला एक माणूस लागतोच, म्हणून ही तजवीज. या एका पात्राने मला सर्वांत जास्त हलवले. बाकी सगळे सुखाने अज्ञानात आहेत. हा रोज सकाळी उठून जाणतो की आपण कोणाच्या तरी सोयीसाठी आहोत, आपला कॉफीचा घोट हा आकड्यांचा हिशेब आहे, आणि वर एक जग आहे जिथे आपल्याला जागा नाही. गोटफ्रीड जॉनने हे काम केले आहे. त्याची एकच मागणी आहे: मला वर घ्या.

आणि एक आहे क्रिस्टोफर नोबडी. खालच्या शहरातला हा घटक जीव द्यायचा प्रयत्न करतो. संस्थेत याची चर्चा होते ती बिघाड म्हणून. त्याला यंत्रातून पुसून टाकले जाते आणि कामकाज पुढे सुरू. पडद्यावर हे फार पटकन उरकते. कोणी रडत नाही, पार्श्वसंगीत चढत नाही. पण लाउझेची रिकामी खुर्ची आपण आधी पाहिलेली असते. वरच्या जगात एक माणूस पुसला गेला, खालच्या जगात एक माणूस पुसला गेला, दोन्ही वेळा पद्धत तीच. ज्याच्या ध्यानात हे आले, त्याला पुढची गोष्ट अर्धी कळली.

ती पुढची गोष्ट फार लपवण्यासारखी नाही, पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. पहिल्या भागाच्या अखेरीस आइनस्टाइन एका कर्मचाऱ्याच्या देहातून वर येतो आणि श्टिलरला सांगतो की तुझे हे जगसुद्धा खरे नाही, याच्याही वर एक आहे. इथे पहिला भाग संपतो. मला त्या रविवारच्या रात्रीचे नवल वाटते. लाखो घरांत टीव्ही बंद झाला असेल, दिवे मालवले असतील. सोमवारी लोक कामावर गेले असतील, साहेबाशी बोलले असतील, ट्राममध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिले असेल. उत्तर मिळायला मंगळवार उजाडायचा होता. चित्रपटगृहात अशी गोष्ट दीड-दोन तासांत आटपते. टीव्हीने तिला मध्ये एक अख्खा दिवस दिला, आणि तो दिवस प्रेक्षकाच्या स्वतःच्या आयुष्यातला होता.

हे सगळे दाखवायला फासबिंडरकडे होते काय? सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, टीव्हीला परवडेल इतका पैसा, आणि आरसे. अंतराळयान नाही, प्रयोगशाळेत धूर नाही. भविष्यातले शहर म्हणून त्याने पॅरिसमधल्या त्या वेळी नव्या कोऱ्या बांधलेल्या इमारती आणि बाजारसंकुले वापरली. घरांत, कचेऱ्यांत, हॉटेलांत जिकडेतिकडे काच आणि चकाकते पृष्ठभाग आहेत. माणूस बोलतो एका बाजूला आणि दिसतो तीन बाजूंना. कॅमेरामन मिशाएल बालहाउस दृश्य सुरू करतो ते आरशातल्या प्रतिमेवर. आपण तिलाच माणूस समजतो, आणि मग कॅमेरा सरकला की खरा माणूस भलतीकडेच असतो. पाहुणे मेजवानीत पुतळ्यांसारखे उभे असतात. कोणी हलायचे विसरले की काय, असे वाटावे इतके स्तब्ध. पहिल्यांदा पाहताना हा अभिनयातला ताठरपणा वाटतो. नंतर उमगते की श्टिलरचे हे जग चालवणाऱ्या वरच्या यंत्राने गर्दीतल्या बिनकामाच्या माणसांवर फार मेहनत घेतलेली नाही.

केरीसारख्या गावात दशावतारी काला बघत वाढलेल्या माणसाला कमी साधनांची ही युक्ती ओळखीची वाटते. आमच्या गोव्यातल्या पेडणे महालात आणि पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते ते एका बाकड्यावर. राजा बसला की ते सिंहासन, तो उठून गेला की रानातली शिळा. संवाद लिहिलेले नसतात. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, आणि मग पात्रे रंगमंचावर उभी राहून आयत्या वेळी बोलतात. पखवाज आणि पेटी त्यांना सांभाळून नेतात. हल्ली ट्रिकसीनची नाटके चालतात, त्यात नाग फणा काढतो, मुंडके उडते, धूर निघतो, आणि लोक ती आवडीने बघतात. तरी पहाटे चारच्या सुमाराला, देवळासमोर मुले आईच्या मांडीवर झोपलेली असताना, जे घडते ते बाकड्यावरच घडते. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण याच नटांवरून पडली. एकाच देहाने दोन जगांत राहायचे आणि दोन्हीकडची कामे निभावायची. फासबिंडर स्वतः नाटक कंपनीतून आलेला होता, तीच तीच नटमंडळी घेऊन वर्षाला तीन-चार फिल्म उभ्या करत होता. कमी साधनांत प्रेक्षकाकडून जग बांधून घेणे त्याला चांगले ठाऊक होते.

टीव्हीवर असे प्रयोग आधी झाले होते. अमेरिकेतली 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका सुरू झाली २ ऑक्टोबर १९५९ला, दिल्लीत आपल्या टीव्हीचे पहिले प्रक्षेपण झाले त्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा लोटला होता. तिच्या पहिल्याच भागात एक माणूस रिकाम्या गावात भटकतो. चुलीवर कॉफी उकळते आहे, पण माणूस नाही. शेवटी कळते की तो अंतराळवीर होण्यासाठी एका बंद पेटीत एकांताची परीक्षा देतो आहे आणि गाव त्याच्या मनाने रचले. १९६०च्या एका भागात कचेरीत बसलेला माणूस फोन उचलतो तर तो मुका, आणि 'कट' अशी आरोळी ऐकू येते. त्याच्या खोलीची एक भिंत नाही, तिथे चित्रीकरण करणारी मंडळी आहेत. फासबिंडरनंतर, १९७६ साली, ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'मध्ये मृतांच्या स्मृती साठवणारे एक यंत्र आले, त्यात नायक शिरतो. त्या यंत्राचे नाव मेट्रिक्स. मात्र स्वप्न, पेटी, नाटकाचा सेट अशा आडोशांना बाजूला सारून, एका जगाच्या वर दुसरे, त्याच्याही वर तिसरे, अशी माळच्या माळ फासबिंडरच्या आधी टीव्हीवर इतक्या सविस्तर कोणी लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता यंत्राची बाजू. आपण यंत्रातच असू तर आतून ते ओळखता येईल का?

गलूयच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. नायक रात्री गाडीने शहराबाहेर निघतो. रस्ता अचानक संपतो. पुढे जमीन नाही, आभाळ नाही, तारे नाहीत. अर्धे विश्वच गायब. थोड्या वेळाने तो मुलूख तयार होतो आणि रस्ता पुढे जातो. त्या दिशेला कोणी जाणार नव्हते, म्हणून यंत्राने ती दिशा बनवलीच नव्हती. हे १९६४ साली लिहिले आहे हे वाचताना विसरायला होते, कारण आजचे बहुतेक त्रिमितीय गेम साधारण असेच चालतात. खेळाडूची नजर जिकडे वळेल तेवढाच भाग चितारला जातो, पाठीमागचा डोंगर तेवढ्यापुरता चितारलेला नसतो. गणनशक्ती ही महागडी वस्तू आहे, आणि जग बनवणाऱ्याला कुठे ना कुठे काटकसर करावीच लागणार. ओळखायचे तर त्या काटकसरीच्या खुणा शोधायच्या.

भौतिकशास्त्रज्ञांनी हा विचार खरोखरच पुढे नेला. सिलास बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या तिघांनी २०१२ साली एक निबंध मांडला. अणुकेंद्रातल्या बलांचा हिशेब करताना शास्त्रज्ञ संगणकात अवकाशाची चौकटीचौकटींची जाळी कल्पतात. आपले विश्वही कोणी अशाच जाळीवर चालवत असेल, तर त्या जाळीच्या घरांचा आकार कुठेतरी जाणवला पाहिजे. कुठे? अतिप्रचंड ऊर्जेच्या वैश्विक किरणांत. कणाची ऊर्जा जितकी जास्त, तितकी त्याची तरंगलांबी आखूड. ती आखूड होत होत जाळीच्या घराच्या मापाला भिडली, तर ऊर्जेला कमाल मर्यादा पडेल, आणि किरण सर्व दिशांनी सारखे येण्याऐवजी जाळीच्या आसांना धरून येताना दिसतील. अशी खूण आजवर सापडलेली नाही. पण मला विलक्षण वाटते ते हे, की दोन रात्रींच्या टीव्ही-फिल्ममधला प्रश्न दुर्बिणींनी आणि संवेदकांनी तपासता येईल इतका नेमका करता आला.

तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांचा २००३चा युक्तिवाद याहून प्रसिद्ध आहे. तीन शक्यता आहेत, ते म्हणतात. जवळजवळ सगळ्या संस्कृती असे यंत्र बनवण्याइतक्या प्रगत होण्यापूर्वीच नष्ट होतात. किंवा प्रगत होतात, पण आपल्या पूर्वजांची जगे यंत्रात चालवण्यात त्यांना रस नसतो. या दोन्ही खोट्या असतील तर चालवलेली जगे अगणित आणि मूळ जग एक, तेव्हा आपण चालवलेल्यांपैकी असण्याचा संभव जबरदस्त. यातली तिसरी शक्यता तेवढी लोकांनी उचलली आणि पहिल्या दोन सोडून दिल्या. बॉस्ट्रॉम यांनी तीनपैकी निदान एक खरी असणार इतकेच म्हटले आहे.

या सगळ्याचा मराठीतला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. नारळीकर विज्ञानकथेत आले ते १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवून. त्यांचे गंगाधरपंत गायतोंडे पुण्याचे इतिहासकार. एका अपघातानंतर ते अशा जगात जातात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य आहे. ते परततात तेव्हा खिशात बखरीचे एक फाटके पान उरलेले असते, त्यावर गोळी चाटून गेल्याची हकीगत. इथे यंत्र नाही. नारळीकरांनी आधार घेतला तो पुंजभौतिकीचा, जिथे एका प्रसंगातून अनेक शक्य जगे फुटतात. पण पुरावा दुसऱ्या जगातून येतो, हा धागा एकच आहे. गलूयकडे असे पुरावे वरचे लोक पुसत राहतात. नारळीकरांच्या जगाला पुसणारा कोणी नाही, म्हणून ते पान टिकते. मला नारळीकरांचे जग अधिक मोकळे वाटते, आणि याचे कारण तेवढेच आहे: त्याला मालक नाही.

योगवासिष्ठात लवण राजाची कथा आहे, ती याहून पुढे जाते. दरबारात एक इंद्रजाली येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजा बसल्या जागी थिजतो. थोड्या वेळाने भानावर येतो तो रडवेला. तेवढ्या वेळात तो रानात भरकटला, चांडाळवस्तीत लग्न करून राहिला, मुले झाली, म्हातारा झाला, दुष्काळ पाहिला. दरबार म्हणतो भास. राजा मात्र विंध्याकडे शोधायला निघतो, आणि ती वस्ती त्याला सापडते. तिथे माणसे त्याच्याच घरच्यांसाठी शोक करत असतात. भासातल्या माणसांचे दुःख भास ओसरल्यावरही शिल्लक राहते, हे त्या ग्रंथाने किती आधी लिहून ठेवले आहे.

माझा मुद्दाही हाच आहे. आपले जग कोणी बनवलेले निघाले, तर ते खोटे ठरते का? अमेरिकेतले तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२च्या 'रिॲलिटी प्लस' या पुस्तकात ठामपणे नाही म्हटले आहे. यंत्रातले टेबल बिट्सचे असेल, आपले अणूंचे. टेबल ते टेबलच. त्यातली मैत्री ही मैत्रीच. हे वाचताना मला 'अमृतानुभव' आठवला. ज्ञानेश्वरांनी त्यातले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानाचे खंडन करायला दिले आहे. जग हा अज्ञानाने उपजलेला भ्रम, असे म्हणून ते मोकळे होत नाहीत. चैतन्याचाच हा विलास, असे ते जगाकडे पाहतात. दोघांचे म्हणणे एक आहे असे मी म्हणणार नाही. एक ईश्वरतत्त्वाविषयी बोलतो, दुसरा संगणकाविषयी. पण ज्याला तुम्ही भास म्हणून झटकून टाकता त्याला नीट निरखा, हा आग्रह दोघांचा आहे, आणि आइनस्टाइन नावाच्या त्या घटकाला हाच आग्रह हवा होता.

हा आग्रह आता फक्त फिल्मपुरता राहिलेला नाही. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भाषा-प्रारूपांच्या आधारे पंचवीस पात्रांचे एक छोटे गाव संगणकात वसवले. त्यांतल्या एकीला इतकेच सांगितले होते की तुला व्हॅलेंटाइन दिवसाची मेजवानी द्यायची आहे. ती गोष्ट पात्रांनी एकमेकांच्या कानावर घातली आणि त्यांतली काही ठरल्या जागी जमली. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींनी १,०५२ खऱ्या माणसांच्या लांबलचक मुलाखती घेऊन प्रत्येकाची संगणकी प्रतिकृती केली आणि तिला पाहणीतले प्रश्न विचारले. हेतू काय? माणसांना न विचारता माणसांचे मत कळावे. गलूयच्या कंपनीचा हेतू शब्दाशब्दाला हाच होता. या प्रतिकृतींना काही जाणवते, असे मानायला आज आधार नाही. पण कोणाकडे पाहून, कोणती खूण सापडल्यावर आपण म्हणू की आता थांबा, याला पुसू नका, हे १९७३ साली ठरले नव्हते आणि आजही ठरलेले नाही. श्टिलरच्या संस्थेत तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना पोलादाचा आकडा हवा असतो.

फासबिंडर १९८२ साली गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. बालहाउस पुढे अमेरिकेत गेला, स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' त्याच्याच कॅमेऱ्याने टिपला. गलूयच्या कादंबरीवर १९९९ साली 'द थर्टीन्थ फ्लोअर' हा दुसरा चित्रपट निघाला, त्याच्या निर्मात्यांतही बालहाउसचे नाव आहे. 'वेल्ट आम ड्राट' मात्र कितीतरी वर्षे जवळजवळ कोणाला पाहायलाच मिळत नव्हती. बालहाउसच्याच देखरेखीखाली तिची जुनी फिल्म दुरुस्त झाली आणि फेब्रुवारी २०१०मध्ये बर्लिनच्या महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर आली. आता ती इंग्रजी उपशीर्षकांसह मिळते.

मिळाली तर अवश्य पाहा. विनंती एकच, एका बैठकीत दोन्ही भाग उरकू नका. पहिला भाग रविवारी रात्री पाहा, सोमवार आपल्या कामाधामात जाऊ द्या, आणि दुसरा मंगळवारी लावा. ती त्यासाठीच तशी केलेली आहे.